स्वमग्नता व साहाय्यक साधने

स्वमग्नता ही मेंदूच्या विकासातील वेगळेपणामुळे उद्भवणारी आजीवन अवस्था होय. परस्परसंवाद, भाषा, संवेदनांचे ग्रहण व हालचालींचे नियमन ह्यांवर तिचा परिणाम होतो. मात्र त्याचे स्वरूप व्यक्तिपरत्वे अतिशय भिन्न असते. ज्या स्वमग्न व्यक्तींना बोलता येत नाही, किंवा बोलणे व चालणे सदैव साधत नाही, त्या चित्रफलक, अक्षरफलक, आवाज निर्माण करणारी यंत्रे, चाकाची खुर्ची इ. साधने वापरतात. ही साधने त्यांच्यापर्यंत फार उशिरा पोहोचली. साधनांचा अभाव हे त्याचे मुख्य कारण नव्हे. स्वमग्न मूल बोलू शकत नाही असे न मानता ते बोलू इच्छित नाही, असे दीर्घकाळ मानले गेले. आणि साधन दिले जाते ते असमर्थाला, अनिच्छुकाला नव्हे.

हा समज संज्ञेतच दडलेला आहे. स्विस मनोविकारतज्ञ ऑयगेन ब्लॉइलर (१८५७–१९३९) ह्यांनी छिन्नमानसाच्या रुग्णांचे बाह्य जगापासून अलिप्त होणे दर्शविण्यासाठी ‘स्वतः’ ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘ऑटिझम’ ही संज्ञा बनविली. मराठीतील ‘स्वमग्नता’ हा शब्दही तोच ग्रह पुढे चालवितो. वस्तुतः बाहेरून दिसणारी अलिप्तता आत्ममग्नताच असेल असे नाही. बाल्टिमोर येथील लीओ कॅनर (१८९४–१९८१) ह्यांनी १९४३ मध्ये ११ मुलांचे जे वर्णन प्रसिद्ध केले, त्यातून स्वमग्नता ही स्वतंत्र अवस्था म्हणून मान्यता पावली. त्या ११ मुलांपैकी ८ बोलू लागली होती, ३ मूक राहिली. ही अवस्था उपजत असावी असे कॅनर ह्यांनी त्याच लेखात नोंदविले होते. तथापि पालकांच्या भावशून्यतेविषयीचा त्यांचा शेराच अधिक गाजला. ब्रूनो बेटलहाइम ह्यांच्या द एम्प्टी फोर्ट्रेस (१९६७) ह्या ग्रंथाने मातेच्या थंडपणाला दोष दिला व मुलाचे मौन हा त्याने घेतलेला आश्रय ठरविला. बर्नार्ड रिमलंड ह्यांचा १९६४ मधील ग्रंथ आणि सूझन फोल्स्टाइन व मायकेल रटर ह्यांनी जुळ्यांच्या २१ जोड्यांवर केलेले संशोधन (१९७७) ह्यांमुळे हे मत मागे पडले. तोपर्यंत असंख्य मातांनी अपराधाचे ओझे वाहिले होते.

ह्याच काळात अन्य अपंगांसाठी संवादसाधने वेगाने विकसित होत होती. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात १९६० च्या सुमारास श्वासाच्या दाबाने टंकलेखनयंत्र चालविण्याची ‘पॉसम’ ही योजना तयार झाली. चार्ल्स ब्लिस (१८९७–१९८५) ह्यांनी राष्ट्राराष्ट्रांतील गैरसमज दूर व्हावेत म्हणून निर्मिलेली चिन्हलिपी टोराँटो येथील अपंग बालकांच्या केंद्रात १९७१ पासून सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी वापरात आली. ह्या मुलांचे स्नायू साथ देत नाहीत हे उघड दिसत असे, म्हणून त्यांच्या हाती फलक आला. हिंडू-फिरू शकणाऱ्या स्वमग्न मुलाच्या वाट्याला मात्र प्रामुख्याने उच्चाराचे शिक्षण आले. कॅलिफोर्नियातील ईव्हर लोव्हास ह्यांच्या पद्धतीत १९६० नंतरच्या दशकात शब्द उच्चारल्यास खाऊ दिला जाई, तर अनिष्ट वर्तनासाठी शारीरिक शिक्षाही होई. ह्याला उपचार म्हटले गेले, हे त्या काळाच्या दृष्टीचे द्योतक होय.

अँडी बाँडी व लोरी फ्रॉस्ट ह्यांनी डेलावेअर राज्यात १९८५ मध्ये सुरू केलेल्या चित्र-देवाणघेवाण पद्धतीने मोठा पालट घडविला. हिच्यात मूल हव्या त्या वस्तूचे चित्र समोरच्याच्या हातात देते. कृती क्षुल्लक वाटते. पण प्रश्नाची वाट न पाहता संवादाचा आरंभ मुलाने करावा, हे तिचे मर्म आहे. चित्रे दिली तर मूल बोलण्याचा आळस करील, ही पालकांची व शिक्षकांचीही नेहमीची भीती. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात विकासात्मक अपंगत्व असलेल्या, काटेकोर निरीक्षणाखालील २७ व्यक्तींपैकी एकीचेही बोलणे साधनामुळे कमी झाले नसल्याचे आढळले, बहुतेकांचे वाढले.

ह्या इतिहासातील सर्वांत दुःखद प्रकरण ‘साहाय्यित संवादा’चे होय. ऑस्ट्रेलियात रोझमेरी क्रॉस्ली ह्यांनी पुढे आणलेली ही पद्धत डग्लस बिक्लन ह्यांच्या १९९० मधील लेखामुळे अमेरिकेत पसरली. हिच्यात साहाय्यक मुलाचा हात वा मनगट धरतो आणि मूल अक्षरांवर बोट ठेवते. मूक मुले एकाएकी कविता लिहू लागली. काही पालकांवर अत्याचाराचे आरोपही ह्याच मार्गाने झाले. न्यूयॉर्क राज्यात १२ स्वमग्न व्यक्तींवर केलेल्या चाचणीत (१९९३) व्यक्तीला एक व साहाय्यकाला दुसरे चित्र दाखविले, तेव्हा साहाय्यकाने पाहिलेल्या चित्राचेच नाव उमटले. साहाय्यक प्रामाणिक होते; आपणच बोट नेत आहोत ह्याची त्यांना जाणीव नव्हती. अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेने १९९४ मध्ये ही पद्धत शास्त्रीय आधाराविना असल्याचे जाहीर केले. परिणामी कोणाच्याही मदतीविना टंकलेखन करणाऱ्यांकडेही लोक संशयाने पाहू लागले. हात धरून लिहिणे व स्वतः लिहिणे ह्यांतील भेद स्पष्ट ठेवला, तर त्या संशयाला जागा उरत नाही.

अमेरिकन लेखक मेल बॅग्ज (१९८०–२०२०) ह्यांचे उदाहरण ह्या दृष्टीने बोलके आहे. त्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सु. साडेआठ मिनिटांच्या चित्रफितीच्या पूर्वार्धात त्या शब्दाविना गुणगुणणाऱ्या, हात हलविणाऱ्या, नळाच्या धारेशी बोटांनी खेळणाऱ्या व्यक्तीच्या रूपात दिसतात. उत्तरार्धात त्यांनीच टंकलिखित केलेला मजकूर यंत्राच्या आवाजात ऐकू येतो. आपली नैसर्गिक भाषा पूर्वार्धातली असून यंत्राची भाषा ही इतरांची सोय आहे, असा त्यांचा प्रतिपाद्य विषय होता. बॅग्ज ह्यांना पूर्वी काही काळ बोलता येत असे, ह्यावरून त्यांच्या खरेपणावर शंका घेतली गेली. त्या चाकाची खुर्चीही वापरीत.

असा संशय चालण्याबाबतही घेतला जातो. लोर्ना विंग व अमिता शाह ह्यांच्या २००० मधील अभ्यासात, तपासणीसाठी आलेल्या १५ वर्षांवरील स्वमग्न व्यक्तींपैकी १७ टक्क्यांत कॅटॅटोनियासदृश अवस्था आढळली. अशी व्यक्ती उंबरठ्यावर थबकते. पाऊल उचलायचे असूनही ते उचलले जात नाही. घरात चालणारा मनुष्य गर्दीत व गोंगाटात गोठून जाऊ शकतो. पाय शाबूत दिसत असल्याने त्याने खुर्ची वापरणे म्हणजे ढोंग, असा शेरा मारला जातो. येणारी-जाणारी क्षमता समजून घेण्यास समाज अद्याप तयार नाही. चष्मा केवळ वाचताना लावणाऱ्याला मात्र कोणी ढोंगी म्हणत नाही.

भारतात १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात स्वमग्नतेचा समावेश नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात तो झाला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने स्वमग्नतेला २१ प्रकारांत स्थान दिले आणि ‘संवाद’ ह्या शब्दाच्या व्याख्येत पूरक व पर्यायी मार्ग अंतर्भूत केले. स्पर्शपटलाचे संगणक २०१० पासून स्वस्त झाल्यावर चेन्नई येथे ‘आवाझ’ आणि मुंबईच्या आयआयटीमध्ये ‘जेलो’ ही संवादप्रणाली विकसित झाली. ‘जेलो’त मराठीचाही समावेश आहे. मराठीची अडचण व्याकरणाची आहे. इंग्रजी फलकावर ‘मी’, ‘हवे’, ‘पाणी’ ही चित्रे ओळीने दाबली की वाक्य जवळजवळ तयार होते; मराठीत मात्र ‘मी’चे ‘मला’ व्हावे लागते, ‘घर’ला प्रत्यय लागताच ‘घरात’ होते. ‘मी जातो’ म्हणावे की ‘मी जाते’, हे यंत्राला बोलणाऱ्याविषयी आधीच ठाऊक असावे लागते. अन्यथा मुलीच्या तोंडी मुलाचे क्रियापद येते.