काष्ठशिल्पाची परंपरा

मीरा-भाईंदरमधील अनेक जैन कुटुंबांचे मूळ ज्या गुजरातेत आहे, तेथे कित्येक जिनमंदिरे पूर्वी लाकडात घडत. काष्ठाला अग्नीचे भय असे. शत्रुंजयावरील काष्ठमंदिरात पेटती वात पळविणारा उंदीर पाहून राजा कुमारपाळाचे मंत्री उदयन यांनी पाषाणमंदिराचा संकल्प केला, अशी कथा मेरुतुंगाचार्य सांगतात. तो पुत्र वाग्भटाने पूर्णत्वास नेला. तरीही शिल्पींनी सागवान सोडले नाही. नित्य प्रक्षाळ सोसणारे मूलनायक पाषाणाचे. संघ जेथे एकत्र येई तो सभामंडप मात्र लाकडी! पाटणच्या वाडी पार्श्वनाथ मंदिराचा सोळाव्या शतकातील मंडप असाच होता. त्याच्या भव्य घुमटात अष्टदिक्पाल, वादक व नर्तकी कोरल्या आहेत. डी फॉरेस्ट बंधूंच्या देणगीमुळे १९१६ मध्ये हे शिल्प न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात गेले. तेथे ते सुरक्षित आहे. मात्र घुमटाखाली आता संघ नव्हे, प्रेक्षक जमतात.