वहीची मागची पानं

कासारवाडी स्टेशनातून लोणावळा लोकल सुटली की फलाट थोडा वेळ रिकामा होतो. मग कंपनीचा शर्ट घातलेली दोन-तीन पोरं बाकावर बसतात, मोबाइलवर बीट लावतात आणि डब्याच्या झाकणावर बोटं आपटत शब्द बसवतात. हिप-हॉपच्या अभ्यासाकडे वळू पाहणाऱ्यांचं स्वागत मी या बाकावरूनच करतो. ग्रंथालय पुढे आहेच.

1973 साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये जन्मलेल्या या कलेवर लिहिताना आपण यमक बघतो, शिव्या मोजतो, वस्ती शोधतो. रॅपर गाण्याबाहेर पडून नट, निर्माता किंवा टीव्हीचा चेहरा झाला, की मात्र 'विकला गेला' म्हणून वही मिटतो. मला हा आळस वाटतो. रॅपर मुळातच एक पात्र उभं करत असतो. नाव त्यानं घेतलेलं, चाल त्यानं बसवलेली, संवादही त्याचेच. हे पात्र गाण्याबाहेर नेलं तर टिकतं का, कुठे टिकतं आणि त्याचे पैसे कुणाला मिळतात, हा या क्षेत्रातला खरा रसाळ प्रश्न.

पुण्यातच दोन वाटा दिसतात. 'द किंग जेडी' या नावानं रॅप करणारे श्रेयश जाधव 'ऑनलाइन बिनलाइन' (2015) आणि 'बसस्टॉप' (2017) यांचे निर्माते झाले. पुढे 'मी पण सचिन' (2019) आणि 'फकाट' (2023) त्यांनी दिग्दर्शित केले. त्यांना 'पहिला मराठी रॅपर' म्हणावं की नाही, या वादात नव्या अभ्यासकानं पडू नये. पहिलेपणाची गरज पोस्टरला असते. पाहायचं ते हे, की रॅपची ओळख घेऊन माणूस कॅमेऱ्यामागे गेला. ताडीवाला रोडच्या एमसी स्टॅनचं उलट. 'तडीपार' (2020) आणि 'इन्सान' (2022) या अल्बमांनंतर तो थेट कॅमेऱ्यासमोर जाऊन बसला आणि फेब्रुवारी 2023 मध्ये 'बिग बॉस'चं सोळावं पर्व जिंकला. तिथे मतं पडली ती, माझ्या मते, त्याच्या पुणेरी वस्तीतल्या हिंदीला आणि त्याच्या गप्प बसण्यालाही.

मंचावरून पडद्यावर जाण्याची ही वाट आपल्याला अनोळखी नाही. दादा कोंडके बँडपथकातून सेवा दलाच्या कलापथकात आले, 'विच्छा माझी पुरी करा'नं रंगभूमी गाजवली आणि 1971 मध्ये 'सोंगाड्या' काढून स्वतःच निर्माते झाले. तिकडे अमेरिकेत रॅपर आइस क्यूब 1991 मध्ये 'बॉईज एन द हूड'मध्ये नट म्हणून दिसला. 1995 च्या 'फ्रायडे'चं लेखन मात्र त्यानं जोडीदारासोबत स्वतः केलं आणि निर्मितीतही हात घातला. दादांना रॅपर ठरवण्याचा माझा इरादा नाही, तेवढा उत्साह संशोधनाला परवडत नाही. पण दोघांनीही आपल्या मोहल्ल्याची बोली दुसऱ्याच्या निर्मितीत बसवत न बसता स्वतःच्या चित्रपटात आणली. शाहिरी, वगनाट्य आणि रॅप एकत्र वाचायचं ते यमकांपेक्षा या मालकीसाठी.

म्हणून नव्या अभ्यासकाला माझा आग्रह आहे: बोलांबरोबर करार वाचा, पोस्टरवरच्या नावांचा क्रम बघा, खर्च विचारा. हे मला त्या बाकावरच कळलं. एका पोरानं वही दाखवली, पण पुढची पानं तळहातानं झाकून. "गाणं अजून बाहेर आलं नाही, सर." मागचं पान मात्र खुशाल उघडून दिलं. बीटचं भाडं, मिक्सिंगचे पैसे, पोरांचा वडापाव. त्याखाली 'कॅमेरा' या नोंदीपुढे रकमेच्या जागी एका मित्राचं नाव होतं, आणि सगळ्यात खाली लिहिलं होतं, 'सिरियल ऑडिशन, रविवार, सुट्टी टाकणे'.