बास्केटबॉलची तीन घरे आणि सीमाभागाचे अंगण

बास्केटबॉलचे कडे नियमानुसार जमिनीपासून 3.05 मीटर उंचीवर असते. अमेरिकेतील वीस हजार प्रेक्षकांच्या बंदिस्त क्रीडागृहात ते जेवढे उंच, तेवढेच बेळगावातील महाविद्यालयाच्या आवारातही. बदलते ती कड्याभोवतीची व्यवस्था. खेळाडूला मैदान कोण देतो, त्याच्या पोटापाण्याची सोय कोण करतो आणि त्याच्या नावाने आरडाओरडा करायला कोण जमतो, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक देशाने आपापल्या परीने दिली आहेत. अमेरिकेतील व्यावसायिक लीग, तेथील महाविद्यालयीन स्पर्धा आणि फिलिपाईन्समधील बास्केटबॉल ही त्यांतील तीन ठळक उत्तरे होत.

आपल्याकडील चाहत्याला ही तिन्ही घरे आता घरबसल्या पाहता येतात. अमेरिकेतील संध्याकाळचा सामना आपल्याकडे पहाटे किंवा सकाळी सुरू होतो. मनिलाचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असल्याने तेथील रात्रीचा सामना आपल्या दिवेलागणीच्या सुमारास पाहायला मिळतो. गोव्याला लागून असलेल्या बेळगाव-निपाणी पट्ट्यातील मराठी तरुणापुढे मात्र एक वेगळाच प्रश्न असतो. पाहण्यास एवढे असताना, खेळत राहण्याची सोय किती आहे?

एकाच हातून आलेला खेळ

डॉ. जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर 1891 मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफिल्ड येथे हा खेळ रचला. ते वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या प्रशिक्षण शाळेत शिकवत होते. हिवाळ्यात विद्यार्थ्यांना छपराखाली खेळता यावे, हा त्यांचा हेतू होता. सज्जाला टांगलेल्या पीच फळांच्या टोपल्या, एक चेंडू आणि तेरा नियम एवढेच त्या वेळचे भांडवल. वायएमसीएच्या शाखा जिथे होत्या, तिथे हा खेळ झपाट्याने पोहोचला.

फिलिपाईन्स तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होते. अमेरिकी शिक्षक आणि वायएमसीए यांच्यामार्फत विसाव्या शतकाच्या आरंभी खेळ तेथे रुजला. भारतातही त्याची वाट वायएमसीएचीच. हॅरी क्रो बक यांनी 1920 मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय सुरू केले आणि तेथून शिकून बाहेर पडलेल्या शिक्षकांनी हा खेळ शाळाशाळांत नेला. पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1934 मध्ये झाली आणि 1950 मध्ये भारतीय बास्केटबॉल महासंघ स्थापन झाला. बीज एकच होते. एका देशात त्याचे राष्ट्रीय वेड झाले आणि दुसऱ्या देशात तो शाळा, महाविद्यालये व सरकारी खाती यांच्या कुंपणात राहिला.

पहिले घर : व्यावसायिक

अमेरिकेतील एनबीए ही लीग 1946 मध्ये वेगळ्या नावाने सुरू झाली आणि 1949 पासून सध्याच्या नावाने ओळखली जाते. तिचा संघ शहराचा असतो, मालकी खासगी असते. आरंभीच्या काळात आघाडीवर असलेला संघ चेंडू नुसता धरून ठेवी आणि प्रेक्षक कंटाळत. त्यावर तोडगा म्हणून 1954 मध्ये 24 सेकंदांचे घड्याळ आले. तेवढ्या वेळात चेंडू कड्याकडे फेकलाच पाहिजे, या एका नियमाने खेळाचा वेग पालटला. तीन गुणांची रेषा 1979 मध्ये आली आणि उंची नसलेल्या पण नेम असलेल्या खेळाडूचे मोल वाढले.

या लीगचे खरे कसब समतोल राखण्यात आहे. मागील हंगामात तळाशी राहिलेल्या संघांना नवे खेळाडू निवडताना पुढचा क्रमांक मिळण्याची अधिक संधी असते. संघांच्या वेतनखर्चालाही मर्यादा असते. त्यामुळे आज रडतखडत खेळणारा संघ पाच-सहा वर्षांत विजेता होऊ शकतो, ही आशा चाहत्याच्या मनात जिवंत राहते.

ही लीग आता केवळ अमेरिकी खेळाडूंची राहिलेली नाही. 2019 ते 2025 या सात वर्षांत तिचा सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार प्रत्येक वेळी अमेरिकेबाहेर जन्मलेल्या खेळाडूला मिळाला. त्यांपैकी तीन वेळा तो निकोला योकिच याने पटकावला. योकिच सर्बियातील सोंबोर गावचा. लोकसंख्येने सोंबोर निपाणीहूनही लहान आहे. फरक एवढाच, की त्याच्या देशात मुलांना लहानपणापासून सामावून घेणाऱ्या क्लबांची घडी पूर्वीपासून बसलेली आहे.

दुसरे घर : महाविद्यालयीन

अमेरिकेत महाविद्यालयीन बास्केटबॉलचा दिमाख व्यावसायिक खेळाच्या तोडीचा असतो. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा 1939 मध्ये आठ संघांनिशी सुरू झाली. आज तीत 68 संघ असतात आणि एक पराभव झाला की संघ घरी जातो. म्हणूनच मार्च महिन्यात तेथे या स्पर्धेचे अक्षरशः वारे संचारते. 2018 मध्ये मेरीलँडमधील एका विद्यापीठाच्या सोळाव्या मानांकित संघाने अव्वल मानांकित व्हर्जिनियाला 74-54 असे हरवले. पुरुषांच्या स्पर्धेत तोवर असे कधीच घडले नव्हते.

खेळाची चालही निराळी. एनबीएत बारा मिनिटांची चार सत्रे असतात. महाविद्यालयीन पुरुषांच्या सामन्यात वीस मिनिटांची दोन सत्रे आणि फेकीसाठी 24 ऐवजी 30 सेकंद मिळतात. त्यामुळे आखीव डावपेचांना अधिक वाव राहतो आणि प्रशिक्षकाचा ठसा ठळक उमटतो. जॉन वुडन यांच्या मार्गदर्शनाखाली लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाने 1964 ते 1975 या बारा वर्षांत दहा अजिंक्यपदे मिळवली. त्यांतील सात ओळीने होती.

या घरालाही तडे आहेत. विद्यापीठे आणि वाहिन्या अमाप कमाई करत असताना खेळाडूंच्या हाती शिष्यवृत्तीपलीकडे काही पडत नसे. 2021 पासून त्यांना स्वतःच्या नावाचा आणि छबीचा व्यापारी मोबदला घेण्याची मुभा मिळाली. 2025 मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठे त्यांना थेट पैसेही देऊ लागली. एक गोष्ट मात्र निर्विवाद चांगली घडली. शिक्षणसंस्थांत स्त्री-पुरुष भेदभावाला मनाई करणारा कायदा 1972 मध्ये झाला, विद्यापीठांना मुलींच्या संघांवर खर्च करणे भाग पडले आणि महिला बास्केटबॉलचा आजचा दर्जा त्या पायावर उभा राहिला.

तिसरे घर : फिलिपिनो

उंचीने मध्यम असलेल्या लोकांनी उंचांचा खेळ आपलासा करावा, हे फिलिपाईन्सचे नवल आहे. 1913 मध्ये मनिलातील अतिपूर्वेच्या क्रीडास्पर्धेत तेथील संघ विजेता ठरला. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये तो केवळ अमेरिकेकडून हरला आणि पाचवा आला. 1954 च्या जागतिक स्पर्धेत त्याने कांस्यपदक मिळवले. आशियाई क्रीडास्पर्धेतील पहिली चारही सुवर्णपदके त्याचीच. त्यानंतर सुवर्णासाठी 1962 पासून 2023 च्या हांगझोऊ स्पर्धेपर्यंत वाट पाहावी लागली. एवढ्या प्रदीर्घ दुष्काळातही प्रेम आटले नाही. 2023 च्या विश्वचषकात फिलिपाईन्स-डॉमिनिकन प्रजासत्ताक सामन्याला 38,115 प्रेक्षक जमले. विश्वचषकाच्या इतिहासातील हा विक्रम असून तो यजमानांनी गमावलेल्या सामन्यात नोंदला गेला, हे विशेष.

या प्रेमाची मुळे दोन ठिकाणी आहेत. पहिले गल्लीत. तेथील सर्वांत लहान प्रशासकीय घटक म्हणजे ‘बारांगाय’, आपल्या ग्रामपंचायतीसारखा. देशात असे सुमारे 42 हजार बारांगाय आहेत. प्रत्येकात तरुणांनी निवडलेली युवा परिषद असते आणि बारांगायच्या सर्वसाधारण निधीतील दहा टक्के वाटा कायद्याने तिच्याकडे जातो. सुटीच्या दिवसांत गावोगावी होणाऱ्या बास्केटबॉल स्पर्धांना या परिषदांचा मोठा आधार असतो.

दुसरे मूळ कारखान्यात आहे. मनिलातील उद्योगांचे संघ पूर्वीपासून आपसांत खेळत. त्यांतील नऊ संघांनी वेगळे होऊन 1975 मध्ये पीबीए ही आशियातील पहिली व्यावसायिक लीग उभारली. तिच्या संघांना शहरांची नावे नाहीत, उत्पादनांची आहेत. कापड कंपनीचा क्रिस्पा आणि मोटारींचा टोयोटा यांच्या वैराने एक पिढी भारून गेली. पुढे जिनेब्रा या मद्याच्या नावाचा संघ गरिबांचा लाडका झाला आणि त्याचा खेळाडू-प्रशिक्षक रॉबर्ट जॉवर्स्की 1998 मध्ये सिनेटवर निवडून आला.

गोव्याच्या वाचकाला हे चित्र परके वाटू नये. धेंपो आणि साळगावकर ही उद्योगसमूहांचीच नावे होती, तरीही लोकांनी ते संघ आपले मानले. धेंपोने राष्ट्रीय लीगचे विजेतेपद पाच वेळा गोव्यात आणले. 2016 मध्ये गोव्याच्या नामांकित क्लबांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले, तेव्हा या व्यवस्थेची दुसरी बाजूही दिसली. उद्योगाने हात आखडता घेतला की संघ पोरका होतो. पीबीएवरही असाच आक्षेप घेतला जातो. तिच्या बारा संघांपैकी सहा संघ गेली काही वर्षे केवळ दोन उद्योगसमूहांच्या ताब्यात राहिले आणि चुरस त्या प्रमाणात ओसरली.

भारताची वाट

भारताच्या पुरुष संघाने ऑलिंपिकमध्ये एकदाच, 1980 साली मॉस्कोत, भाग घेतला. आपल्याकडे उद्योगांची जागा सरकारी खात्यांनी घेतली. रेल्वे, सेनादल, ओएनजीसी यांच्या संघांतून खेळाडूला नोकरी मिळते आणि नोकरीमुळे खेळ टिकतो. 2015 मध्ये पंजाबच्या सतनामसिंगची एनबीएच्या निवड प्रक्रियेत निवड झाली. असा मान मिळवणारा तो पहिला भारतीय. त्याची जडणघडण लुधियानाच्या अकादमीत झाली होती. पुण्याच्या शिरीन लिमये हिने भारतीय महिला संघाचे नेतृत्व केले आहे. ऑक्टोबर 2019 मध्ये मुंबईत सॅक्रामेंटो आणि इंडियाना या एनबीए संघांचे दोन सामने झाले, पण अशा सोहळ्यांनी गावात कडे उभे राहत नाही.

सीमाभागाचे अंगण

बेळगाव-निपाणी भागात तालीम आहे, कबड्डी-खो-खोची परंपरा आहे, फुटबॉल आणि क्रिकेटचा नाद आहे. बास्केटबॉल मात्र प्रामुख्याने शाळा-महाविद्यालयांच्या आवारातच भेटतो. म्हणजे तीन घरांपैकी येथे दुसरेच काय ते आहे आणि तेही अनेक खोल्यांत विभागलेले. बेळगावातील कला, वाणिज्य, विज्ञान शाखेचा विद्यार्थी 2010 मध्ये स्थापन झालेल्या राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या छत्राखाली येतो. अभियांत्रिकीचा विद्यार्थी बेळगावातच मुख्यालय असलेल्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठात, तर जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाचा विद्यार्थी केएलईच्या अभिमत विद्यापीठात. एकाच शहरात वाढलेले सवंगडी तीन वेगवेगळ्या विद्यापीठांसाठी खेळतात.

निपाणीत तर ही विभागणी राज्याच्या सीमेवरूनच जाते. शहरातील बागेवाडी महाविद्यालय कर्नाटकात. शहराला खेटून असलेल्या अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय मात्र कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात, आणि शिवाजी विद्यापीठाशी संलग्न. दोन शेजारी मुले एकाच मैदानावर खेळून मोठी होतात. अकरावी-बारावीनंतर एकाने इकडचे आणि दुसऱ्याने तिकडचे महाविद्यालय निवडले, की आंतरविद्यापीठ स्पर्धेत एक दक्षिण विभागात आणि दुसरा पश्चिम विभागात जातो.

हा तपशील कागदी वाटेल, पण त्यावर पोट अवलंबून असते. केंद्र सरकारच्या क्रीडा कोट्यातील भरतीसाठी राज्याचे, देशाचे किंवा आंतरविद्यापीठ स्पर्धेत विद्यापीठाचे प्रतिनिधित्व केल्याचे प्रमाणपत्र ग्राह्य धरले जाते. सीमाभागातील खेळाडूपुढील सर्वांत जवळचा दरवाजा तोच. त्यामुळे महाविद्यालय निवडताना तेथे कोर्ट आहे का, प्रशिक्षक आहे का आणि विद्यापीठाच्या संघात शिरकाव होण्याची शक्यता किती, याची चौकशी खेळाडूच्या पालकांनी शाखेच्या चौकशीइतकीच आवर्जून करावी. पदवीनंतर प्रमाणपत्र हाती नसेल, तर बहुतेकांचा खेळ गुणपत्रिकेबरोबरच कपाटात जातो.

काय करता येईल

फिलिपाईन्सकडून शिकण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे खेळाला महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर आणणे. पूर्ण कोर्टसाठी 28 बाय 15 मीटर जागा लागते. तीन विरुद्ध तीन हा प्रकार टोकियो ऑलिंपिकपासून अधिकृत झाला असून त्याला एकच कडे आणि 15 बाय 11 मीटर जागा पुरते. संघात तीन खेळाडू आणि एक राखीव. सामना दहा मिनिटांचा किंवा 21 गुणांपर्यंत. एवढी जागा अनेक शाळांच्या अंगणात निघू शकते. गणेशोत्सव मंडळांकडे वर्गणी गोळा करण्याची आणि माणसे जमवण्याची जुनी हातोटी आहेच. ग्रामपंचायतीने थोडी रक्कम दरवर्षी नेमाने खेळासाठी ठेवली आणि तिचा विनियोग गावातील तरुण-तरुणींच्या समितीकडे सोपवला, तर बारांगायचा कित्ता येथेही गिरवता येईल.

दुसरी गोष्ट अमेरिकेच्या 1972 च्या कायद्याची. जे कोर्ट होईल, त्यावर मुलींची वेळ पहिल्या दिवसापासून ठरलेली असावी. मागाहून दिलेली वेळ बहुधा उरलीसुरलीच असते.

तिसरी गोष्ट सीमेची. राज्ये, विद्यापीठे आणि विभाग यांच्या चौकटी खेळाडूंना मोडता येणार नाहीत. परंतु बेळगाव, निपाणी, कोल्हापूर आणि गोवा येथील संघांनी आपसांत खेळण्यास कोणाची आडकाठी नाही. निपाणीहून कोल्हापूर सुमारे 40 किलोमीटरवर आहे आणि बेळगावहून चोर्ला घाट उतरला की गोवा. या टापूत दरवर्षी नियमाने होणारी एखादी खुली स्पर्धा पदवीधर झालेल्या खेळाडूलाही बूट पुन्हा बांधायला लावील. सोंबोरसारख्या गावातून योकिच घडला, तेव्हा गावाचा आकार ही सबब उरलेली नाही. पहिली गरज आहे ती संध्याकाळी उघड्या राहणाऱ्या एका कोर्टाची.