परवाना-राज्यातील दुचाकी : विक्रेता आणि ग्राहक

स्वातंत्र्योत्तर भारतात नवी दुचाकी घेणे हा खरेदीपेक्षा प्रतीक्षेचा व्यवहार होता. कारखान्याची उत्पादनक्षमता शासकीय परवान्याने ठरत असे. मद्रासची एनफील्ड व म्हैसूरची जावा या मोटारसायकली उपलब्ध होत्या. तथापि मध्यमवर्गाची ओढ स्कूटरकडे अधिक होती. बजाज ऑटोला १९५९ मध्ये उत्पादनाचा परवाना मिळाला, १९७२ मध्ये ‘चेतक’ आली; पण त्या दशकात नोंदणीनंतर सुमारे दहा वर्षे थांबावे लागे. परकीय चलनात किंमत भरणाऱ्यास मात्र गाडी लवकर मिळे, त्यामुळे परदेशस्थ नातेवाईक हे मोठे भांडवल ठरले.

१९६० च्या नियंत्रण आदेशाने स्कूटरचे वितरण व विक्री शासकीय नियमनाखाली आली. परिणामी विक्रेत्याचे सामर्थ्य विक्रीकौशल्यात नव्हते, ते नोंदवहीत होते. ग्राहकाने निवड करावी, घासाघीस करावी, यास वावच उरला नाही. काळ्या बाजाराचा दोष केवळ विक्रेत्यावर टाकणे मात्र अपुरे होय. क्रमांक लागलेला सामान्य नोकरदारही तीच गाडी ‘ऑन’ घेऊन विकत असे. नोंदणीची पावती हीच मालमत्ता झाली होती.

ऐंशीच्या दशकात जपानी सहकार्यास मुभा मिळाली. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० बाजारात आली आणि १९९१ च्या धोरणानंतर परवान्याचे बंधन सुटले. विक्रेता आता ग्राहकाच्या शोधात निघाला. वाटाघाटीचा विषयही पालटला : क्रमांक केव्हा लागेल हा प्रश्न मागे पडून कर्जाचा हप्ता, विमा आणि जोडसामानाची किंमत यांवर घासाघीस होऊ लागली.