लळा कशाचा लागतो? हौशी यंत्रमानवांच्या रूपाचा आणि स्वभावाचा इतिहास

घरच्या घरी हौसेने यंत्रमानव बनवणारे पुष्कळ जण आता आपल्या आसपास दिसतात. त्यांचं यंत्र चालतं, वळतं, भिंत आली की मागे फिरतं. पण बघणाऱ्याला त्याचा लळा लागत नाही. मग त्याच्यावर दोन डोळे चिकटवतात, रंग देतात, तरी ते यंत्रच राहतं. असं का होतं? आज आपण याचं उत्तर इतिहासात शोधू.

सुरुवात जपानपासून करू. १७९६ साली होसोकावा हान्झो यांचा 'कराकुरी झुई' हा ग्रंथ निघाला. त्यात चहा देणाऱ्या बाहुलीची रचना आकृत्यांसह दिली आहे. आत लाकडी दातेरी चाकं आणि देवमाशाच्या तोंडातल्या लवचिक पट्ट्यांची स्प्रिंग. बाहुलीच्या हातातल्या तबकावर पेला ठेवला की ती चालू लागते, पाहुण्याने पेला उचलला की थांबते, आणि रिकामा पेला परत ठेवला की वळून माघारी जाते. आता बघा, ती थांबते म्हणजे काय, तर वजन कमी झाल्यावर एक खटका पडतो, बस्स. पण पाहुण्याला वाटतं, ही माझ्यासाठी थांबली! चेहरा गोड आहेच, पण अगत्य दिसतं ते त्या थांबण्यात.

आता दीडशे वर्षं पुढे, इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात येऊ. मेंदूचे अभ्यासक विल्यम ग्रे वॉल्टर यांनी १९४८-४९ च्या सुमारास दोन यांत्रिक कासवं बनवली, एल्मर आणि एल्सी. तीन चाकं, दोन निर्वात नळ्या, एक प्रकाश ओळखणारा डोळा आणि वरचं कवच कशाला धडकलं तर कळवणारा स्पर्शाचा खटका. एवढ्यावर ती मंद उजेडाकडे जात, फार प्रखर उजेड आला की दूर होत. बॅटरी उतरली की मात्र तोच प्रखर उजेड त्यांना सोसवे, आणि मग ती दिवा लावलेल्या आपल्या खोपटात चार्जिंगला परतत. कासवांना चेहरा असा नव्हताच. तरीही बघणाऱ्यांना ती जिज्ञासू, भित्री, कधी हट्टी वाटली. १९५१ च्या 'फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन'मध्ये लोकांनी अशी कासवं पाहिली. स्वभाव असा कुणी आत घातला नव्हता; दोन साध्या ओढींच्या ताणातून तो आपल्याला दिसला.

म्हणजे रूपाला महत्त्वच नाही का? आहे, पण जपून. १९७० मध्ये मासाहिरो मोरी या जपानी अभियंत्याने एक निबंध लिहिला. यंत्र माणसासारखं होत जातं तसं ते आवडत जातं. पण जवळजवळ माणसासारखं झालं की एकदम अंगावर काटा येतो, असं त्यांचं म्हणणं. मोरींनी जपानच्या बुनराकू बाहुल्यांचा दाखला दिला. आपल्याला पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या आठवतील. त्या हुबेहूब माणसासारख्या कुठे असतात? पण सूत्रधाराने मान किंचित झुकवली की बाहुली लाजली, हे मागच्या रांगेलाही कळतं.

आता शेवटचं उदाहरण, आणि इथे गोष्ट गमतीची राहत नाही. १९९९ मध्ये सोनीने आयबो हा यांत्रिक कुत्रा आणला. जपानमध्ये त्याचे ३,००० नग वीस मिनिटांत विकले गेले. २००६ मध्ये उत्पादन थांबलं, २०१४ मध्ये कंपनीची दुरुस्तीही. काही जुन्या अभियंत्यांनी एकत्र येऊन दुरुस्ती चालू ठेवली. पण सुटे भाग मिळणार कुठून? तर बंद पडलेल्या दुसऱ्या आयबोमधून. ते काढण्याआधी चिबा प्रांतातल्या एका बौद्ध मंदिरात २०१५ पासून या यंत्रांसाठी रीतसर प्रार्थना होऊ लागल्या. हसण्यासारखं काही नाही यात. आपणही दसऱ्याला हत्यारं आणि यंत्रं पुजतोच की.

यावरून घरी यंत्र बनवणाऱ्यांनी काय घ्यावं? चेहऱ्यावर खर्च करण्याआधी चालीवर वेळ घालवा. सर्व्हो मोटर एका झटक्यात वळवू नका. हळू सुरू होऊ द्या, हळू थांबू द्या. आवाज आला तर आधी डोळे वळू द्या, मग मान, आणि वळण्याआधी अर्धा सेकंद थांबू द्या. तेवढ्यात ते विचार करतंय असं बघणारा स्वतःच ठरवतो. डोळे मोठे, बाकी चेहरा साधा ठेवा.

आणि एक जबाबदारीही घ्या. लळा लावणं सोपं आहे, हे आपण पाहिलं. ज्या पोराच्या हातात आपण ते यंत्र देणार, त्याला ते उघडता यावं, दुरुस्त करता यावं. बंद पडल्यावर त्याच्या वाट्याला नुसतं रडणं येऊ नये, हातात स्क्रूड्रायव्हरही यावा.

आज इथेच थांबू.