‘धरणग्रस्त’ : एका शब्दाचा व दोन जलाशयांचा इतिहास

आकुर्डीच्या नळास येणारे पाणी रावेतच्या बंधाऱ्याजवळ पवनेतून उचलले जाते व निगडीस शुद्ध होते. ते साठते मात्र वरच्या अंगास, मावळात, तुंग व तिकोना या दुर्गांच्या परिसरातील पवना जलाशयात. १९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी या गावांची मिळून नगरपालिका झाली. त्याच दशकाच्या आरंभी पवना धरणाचे पाणी चढले. खाली गावांचे नगर होत असता वर गावे बुडत होती. तेथील वाघेश्वराचे प्राचीन देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे अद्यापि उघडे पडते.

या उठलेल्या लोकांस मराठीने ‘धरणग्रस्त’ म्हटले. ‘ग्रस्त’ हे ‘ग्रस्’ म्हणजे गिळणे या धातूचे रूप. ग्रहण लागलेल्या चंद्रसूर्यांसही हेच विशेषण लागते. अर्थ यथार्थ आहे. परंतु ‘पूरग्रस्त’, ‘दुष्काळग्रस्त’ यांच्या पंक्तीस बसल्याने धरणही दैवी आपत्ती भासू लागते. वस्तुतः पूर येतो, धरण बांधले जाते. या समासात बांधणारा कर्ता लोपतो.

याच्या अर्धशतकापूर्वी शेजारच्या मुळशी खोऱ्यात निराळा शब्द रूढ झाला होता. टाटांच्या वीजनिर्मितीसाठी होणाऱ्या धरणाविरुद्ध १९२१ च्या रामनवमीस तेथील शेतकऱ्यांनी सत्याग्रह आरंभिला. पां. म. बापट व वि. म. भुस्कुटे हे त्याचे पुढारी. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा झाली आणि बापटांच्या नावामागे ‘सेनापती’ हे उपपद याच लढ्याने जोडले. १९२४ पर्यंत लढा ओसरला, जमीन बुडाली, वीज मुंबईस गेली. तरीही मुळशीकर इतिहासात ‘सत्याग्रही’ म्हणून उरले. ‘आग्रह’ शब्दातील ‘ग्रह्’ म्हणजे धरून ठेवणे. तेथे मनुष्य कर्ता आहे.

पवनेच्या लोकांस ते भाग्य लाभले नाही. राज्याचा पुनर्वसनाचा कायदा १९७६ चा, म्हणजे पाणी चढल्यानंतरचा. अनेकांचे पुनर्वसन पुढे कित्येक दशके रखडले. ९ ऑगस्ट २०११ रोजी, पवनेचे पाणी बंद नळाने पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्धच्या आंदोलनात, बऊर येथे पोलिसांच्या गोळीबारात तिघे मृत्यू पावले.

सरकारी दप्तरात ‘बुडीत क्षेत्र’ व ‘लाभक्षेत्र’ अशी जोडी आढळते. दोन्हीकडे क्षेत्र आहे, माणूस नाही. बुडालेल्यांस निदान ‘धरणग्रस्त’ हे नाव तरी मिळाले. त्यांच्या जमिनीवर साठलेले पाणी पिणाऱ्या आपणां नगरवासीयांस तसे नावच नाही. ज्या पक्षास नाव नाही त्याचे ऋणही कोठे नोंदले जात नाही. आकुर्डीचा इतिहास लिहिताना म्हणूनच आरंभ वाघेश्वराच्या देवळापासून करावयास हवा.