स्फटिकाकडे पाहताना : प्रस्तावना

नदीकाठची पांढरी गारगोटी, देवघरातली स्फटिकमाळ आणि मनगटी घड्याळातला क्वार्ट्‌झ ही सगळी सिलिकॉन डायऑक्साइडचीच रूपे. घड्याळातला तुकडा मात्र आता बहुधा कारखान्यात वाढवलेला असतो.

या विषयात शिरायला साधने फार लागत नाहीत : एक भिंग, एक केस आणि थोडा संशय. कागदावर केस ठेवून त्यावर बाजारातला ‘स्फटिक’ गोळा धरा आणि सावकाश फिरवा. गोळा खरा असेल, तर बहुतेक दिशांनी केस दुहेरी दिसेल, कारण स्फटिकात प्रकाशाचे दोन किरण होतात. एकाच अक्षाच्या दिशेने ते होत नाहीत, म्हणून फिरवायचे. काचेतून केस एकच दिसतो. शिवाय आत बारीक बुडबुडे सापडले, की प्रश्न मिटला. खरा स्फटिक काचेवर चरा पाडतो, त्याची कठिनता 7 आहे. पण दुकानात ही परीक्षा करू नये.

प्राचीन रोममध्ये प्लिनीने स्फटिकाला कायमचे गोठलेले बर्फ मानले. 1669 साली स्टेनोने दाखवले, की पैलू लहानमोठे असले तरी त्यांच्यामधले कोन बदलत नाहीत. 1880 मध्ये क्युरी बंधूंना स्फटिकासारख्या खनिजांवर दाब दिला की विद्युतभार निर्माण होतो, हे आढळले. घड्याळातला स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो, तो याच गुणामुळे.

दंतकथांना इथे मज्जाव नाही. जास्वंदीशेजारी ठेवलेला स्फटिक लाल भासतो, हा आपल्या दर्शनांतला दृष्टान्त माझ्या मते उत्तम निरीक्षणातून आला आहे. उलट, ब्रिटिश म्युझियमने 1897 मध्ये घेतलेली ‘ॲझ्टेक’ स्फटिककवटी सूक्ष्मदर्शकाखाली उघडी पडली : कोरण्याच्या खुणा फिरत्या चाकाच्या निघाल्या, आणि तसे चाक स्पॅनिश येण्यापूर्वीच्या मेक्सिकोत नव्हते. स्फटिकाने रोग बरे होतात, याला शास्त्रीय आधार नाही. मात्र माणसांनी असे का मानले, हा अभ्यासाचाच विषय आहे.

निगा सोपी. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश पुरे. उकळते पाणी नको. तापमान एकदम बदलले, की आतल्या चिरा वाढतात. अभिषेकाचे दूध-दही कोरीव खाचांत राहू देऊ नये. गोळा उन्हाच्या खिडकीत ठेवणे धोक्याचे, तो भिंगासारखा आग लावू शकतो.

कारागिराची निगा मात्र बाजार विसरतो. खंबायतला अकीक घासणाऱ्यांच्या फुप्फुसांत याच सिलिकाची धूळ बसून सिलिकोसिस होत आला आहे, आणि त्यावर औषध नाही. त्यामुळे पैलू पाडण्याचे प्रकरण या पुस्तकात हत्यारांनी नव्हे, तर पाण्याची धार आणि धूळ ओढून घेणारा पंखा यांनी सुरू होते.